बर्मंडसीचे आरोग्यपट

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर वसलेला बर्मंडसी हा गोदी कामगारांचा दाटीवाटीचा, गरीब भाग होता आणि तेथे क्षयरोगाचा उपद्रव मोठा असल्यामुळे नगर परिषदेच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने 1920च्या दशकात उपचारांइतकेच महत्त्व लोकशिक्षणाला दिले. काचेवरील चित्र दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठे करून दाखवणारे यंत्र, म्हणजेच मॅजिक लँटर्न, व्याख्यानांसाठी वापरात होते. त्याच्या जोडीला विभागाने स्वतःच चित्रपट तयार करण्यास आरंभ केला, ही त्या काळी खरोखर धाडसाची गोष्ट होती. प्रक्षेपक, म्हणजे पडद्यावर चित्रपट दाखवणारे यंत्र, बसवलेली मोटारगाडी रस्त्याच्या कडेला उभी राही, गाडीच्या मागील बाजूस पडदा लागे, वीज रस्त्यावरील दिव्याच्या खांबातून घेतली जाई आणि भोवती मुलांची गर्दी जमे. हे चित्रपट मुख्यतः मूक होते, परंतु त्यात उणीव नव्हती, कारण त्यामुळे वक्त्याच्या बोलण्याला वाव राही आणि चित्राला स्पष्टीकरणाची जोड मिळे. 1933चा ‘व्हेअर देअर्स लाइफ, देअर्स सोप’ हा लघुपट खास मुलांसाठी होता आणि त्याचा विषय अंगाची स्वच्छता हा होता. अनेक घरांत न्हाणीघरच नसताना असा उपदेश पोकळ ठरला असता. परंतु परिषदेने 1927 मध्ये ग्रेंज रोडवर सार्वजनिक स्नानगृहे उघडली होती, आणि पडद्यावरचा धडा आचरणात आणण्याची ही सोय चित्रपटाइतकीच मोलाची होती.