शेजारच्याचा सूर



मघाशी या संमेलनात आठवीच्या मुली समूहगीत म्हणत होत्या. चाल वर चढली तशी मागच्या रांगेतली एक मुलगी गप्प झाली. शेजारणीकडे कान देऊन तिनं सूर धरला आणि मग पुन्हा गाऊ लागली. आजच्या कार्यक्रमात मला सर्वांत आवडलं ते तिचं हे थांबणं. समूहगान तिथंच सुरू होतं.

'ऐ मालिक तेरे बंदे हम' आणि 'हमको मन की शक्ति देना' या प्रार्थना तुम्हाला पाठ असतील. दोन्हींच्या चाली एका मराठी संगीतकाराच्या, वसंत देसाई यांच्या. पहिली १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ'मधली. सहा कैद्यांना माणसात आणू पाहणाऱ्या जेलरची ती गोष्ट. दुसरी १९७१ च्या 'गुड्डी'मधली, केदार रागावरची. मैफलीतला हा राग देसाईंनी असा उतरवला, की तानपुरा कधी न पाहिलेलं पोरही तो पटांगणात उभं राहून म्हणतं. रागाचा तोल न ढळू देता चाल इतकी सोपी करायची, याला फार मोठी तयारी लागते. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या 'मैत्रीं भजत'ची चालही देसाईंचीच.

अशा प्रार्थनांमध्ये आपण सगळे मिळून एकच चाल म्हणतो. युरोपातल्या समूहगानात दोन-तीन गट एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गातात, आणि त्या एकमेकींत बसाव्या लागतात. लंडनमधल्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारे गुस्ताव होल्स्ट यांना ऋग्वेदाची ओढ लागली. मिळालेली भाषांतरं पसंत पडेनात, म्हणून ते स्वतः संस्कृत शिकले. उषा, जल, वेन आणि वाटसरू अशी चार सूक्तं त्यांनी १९१० साली स्त्रियांच्या आवाजांसाठी रचली; साथीला फक्त हार्प. अशा गाण्यात आपला सूर सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा ऐकणंही सोडायचं नाही.

सोनगीरच्या मुलांना हे अवघड जाऊ नये. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं हे गाव. हंड्यावर मठार मारताना, म्हणजे हातोडीचे ठोके देताना, कारागीर हाताइतकाच कानही वापरतो.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. आठवड्यातून एक तास समूहगानाला द्या. निवडचाचणी घेऊ नका. 'तुझा आवाज बरा नाही' हे वाक्य लहानपणी ऐकलेली माणसं पुढं जन्मभर गात नाहीत, असं मी पुष्कळ पाहिलं आहे. ज्याचा सूर हलतो त्याला पक्क्या सुराच्या दोघांमध्ये उभं करा. काही महिन्यांत तो सावरतो.

आणि पुढच्या संमेलनात दोन गटांचं, दोन चालींचं एक तरी गाणं बसवा. त्यात प्रत्येक वर्गातली मुलं घ्या, एवढं सांगतो आणि थांबतो.