सुवालीचं पाणी

श्रोतेहो, तुमच्यापैकी बरेच जण जळगाव-धुळ्याकडे, म्हणजे तापीच्या वरच्या अंगाला बसून हे ऐकत असाल. मी बोलतोय सुरतेहून, तापीच्या खालच्या अंगाला. पाणी तुमच्याकडून आमच्याकडे येतं. आज बोलणं उलट्या दिशेने पाठवतो.

परवा शिरपूरहून माझी आक्का आली होती. सोबत तिचा नातू, वय वर्षं अकरा. नरडाण्याला गाडीत बसली आणि उधन्याला उतरली. चाळीस वर्षांपूर्वी मीही असाच उतरलो होतो. रिंग रोडवरच्या साडी मार्केटात मेहताजीची, म्हणजे हिशेब लिहिण्याची नोकरी मिळाली आणि इथलाच झालो. तर या नातवाने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. पांढरेशुभ्र कडे, मध्ये वाटीएवढा किनारा, निळंशार पाणी आणि वाळूत रुतलेलं एक गंजकं जहाज. ग्रीस देशातल्या झाकिन्थोस बेटावरचा हा नावायो किनारा. तिथलं ते जहाज १९८० साली किनाऱ्याला लागलं, ते तिथेच राहिलं. कड्यांमुळे जमिनीवरून वाट नाही, होडीनेच जावं लागे. पोरगा म्हणाला, "मामाआजोबा, सुरतेला समुद्र आहे ना? मग असा एकटा किनारा दाखवा."

आता डुमसला नेलं असतं, तर किनारा कमी आणि टमाट्याची भजी जास्त दिसली असती. मी म्हटलं, सुवालीला जाऊ. सुवाली म्हणजे हजिऱ्याकडचं गाव, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. पण निघण्याआधी मी घड्याळ पाहिलं नाही, कालनिर्णय पाहिलं. आक्का हसली. म्हणाली, समुद्रावर जायला का मुहूर्त लागतो?

लागतो. खंभातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. समुद्राचं पाणी रुंद तोंडातून आत शिरतं आणि पुढे जागा अरुंद होत जाते, म्हणून ते वर चढतं. भावनगरकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीनमजली घराएवढा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. भांगाचं पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, म्हणून पोराला घेऊन जायला ते बरं. कोकणात भरतीची वेळ काढायला एक सोपा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. आमच्याकडे आखातात पाणी पोचायला आणखी उशीर लागतो. तेव्हा पौषातली अष्टमी धरली. मंगळवार होता. रविवारी तिथे गर्दी होते, मंगळवारी नाही.

अडाजण, पाल, इच्छापोर असं करत निघालो. वाटेत पोंक घेतला. पोंक म्हणजे आपला हुरडा हो, कोवळ्या ज्वारीचा. इथे तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. आक्काने चव घेतली आणि म्हणाली, हुरडा चांगला आहे, पण शेव लावून त्याचं लग्न कशाला लावलं? पुढे हजिऱ्याचे कारखाने लागतात. उंच धुराडी, गॅसच्या टाक्या, ट्रकांची रांग. पोरगा हिरमुसला. मग डावी-उजवीकडे विलायती बाभळी सुरू झाल्या, रस्ता अरुंद झाला, आणि एका वळणानंतर कारखाने मागे पडून एकदम आभाळ मोठं झालं.

किनाऱ्यावर आम्ही तिघं, दोन कुत्री आणि जाळं खांद्यावर टाकून चाललेला एक माणूस. एवढीच वस्ती. पाणी काठोकाठ होतं, पण निळं नव्हतं. गढूळ, चहाच्या रंगाचं. आणि वाळू काळसर. पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं दुकानात एक साडी दाखवून घरी दुसरीच दिली.

मी म्हटलं, बस जरा. आज जहाज तुझ्या फोटोत आहे, पण एके काळी जहाजं इथेच होती.

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पूर्वी वाळूचा लांब बांध होता आणि त्याच्या आड खोल पाण्याची खोबण. तापीच्या मुखात गाळ असल्यामुळे मोठी जहाजं सुरतेपर्यंत जात नसत, ती या खोबणीत नांगर टाकत. माल होड्यांतून आणि बैलगाड्यांतून शहरात जाई. १६१२ च्या नोव्हेंबरात गोव्याहून आलेल्या पोर्तुगीज गलबतांशी थॉमस बेस्ट नावाच्या इंग्रज कप्तानाची इथे लढाई झाली. सरशी इंग्रजांची झाली आणि त्यांना सुरतेत वखार मिळाली. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो इथेच उतरला आणि जहांगीर बादशहाला भेटायला अजमेरला गेला. आणि आपल्या माणसांना आठवेल अशी गोष्ट म्हणजे, १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांनी आपला बराच माल आधीच सुवालीला हलवून ठेवला होता. पहिल्या स्वारीने, १६६४ साली, त्यांना एवढा धडा दिलेला होताच.

पोराला बेट हवं होतं, म्हणून त्याला टॉम कॉरिएटची गोष्ट सांगितली. हा इंग्रज पायी हिंडणारा माणूस. आधी १६०८ साली युरोप हिंडून आला आणि त्याचे झिजलेले जोडे गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. मग १६१२ साली पुन्हा निघाला. वाटेत याच झाकिन्थोस बेटावर थांबला, इस्तंबूल पाहिलं आणि सीरियातल्या अलेप्पोहून चालत अजमेरला आला. १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत त्याचा अंत झाला. पोट आधीच बिघडलेलं, त्यात इथल्या इंग्रजांनी मायदेशाहून आणलेल्या दारूचा आग्रह केला, ती त्याला सोसली नाही म्हणतात. सुवालीजवळच्या राजगरी गावात त्याच्या नावाने ओळखलं जाणारं थडगं आहे. पोरगा म्हणाला, "म्हणजे तो या फोटोतल्या बेटावरून इथे आला?" म्हटलं, हो, आणि त्याने कुठे तक्रार केली नाही पाण्याच्या रंगाची.

अकरानंतर समुद्र निघाला. मी 'उतरला' म्हणत नाही, निघाला म्हणतो, कारण तो खरोखर चालू लागतो. डबा उघडून कळण्याची भाकरी आणि भरीत संपेपर्यंत, भांगाचं असूनही, पाणी इतकं मागे गेलं, की जिथे लाट होती तिथे चकचकीत काळा चिखल. इकडे त्याला कादव म्हणतात. खेकड्यांची बिळं, बगळ्यांच्या पावलांच्या नक्षी, मध्येच साचलेल्या पाण्यात आभाळ. चिखलात पुढे जायचं नाही, हे पोराला दोनदा सांगितलं. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि पाणी परत येताना माणसाच्या चालीला ऐकत नाही.

गंमत अशी, की या पाण्याने खुद्द ग्रीकांना घाबरवलं होतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती, वीतभर-हातभर. बेटावरचा माणूस सकाळी चादर पसरतो आणि संध्याकाळी तिथेच उचलतो. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्द्याने या किनाऱ्यांचं वर्णन केलंय. पुस्तकाचं नाव 'पेरिप्लस'. आपलं पैठण आणि तेर यांची नावं त्यात आहेत. तिथला माल गाड्यांतून भडोचला येई. आणि भडोचच्या पाण्याबद्दल तो सांगतो, की बघता बघता तळ उघडा पडतो, जहाजं आडवी होतात, आणि अवसेच्या रात्री भरती येते तेव्हा लांबून सैन्याची आरोळी उठावी तसा आवाज होतो. वाट दाखवायला राजाचे नावाडी समोर जात, त्यांच्याशिवाय आत शिरणं कठीण. हे ऐकल्यावर पोराने फोटो बंद केला.

दुपारी त्याने खिशातून लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरचं होतं. कोरड्या वाळूत ते फिरवलं, तर त्याला काळ्या कणांची दाट मिशी चिकटली. आक्का वाकून बघायला लागली. मी सांगितलं, हे लोखंड असलेले कण. आपल्या खान्देशातला, सातपुड्याचा, सह्याद्रीचा काळा दगड झिजतो. पांझरा, गिरणा, पूर्णा तो तापीत आणून टाकतात, आणि मुलताईपासून ७२४ किलोमीटर वाहत आलेली तापी तो समुद्राला देते. मग लाटा तो किनाऱ्यावर पसरतात. किनारा पांढरा नाही, कारण आपले डोंगर पांढरे नाहीत.

आक्काने मूठभर वाळू उचलली, बोटांतून सोडली आणि म्हणाली, "ही ते आपलीच माटी शे." शिरपूरजवळच्या सावळद्याच्या पुलाखालून रोज जाणारी नदी तिने पाहिलेली. ती कुठे जाते हे मात्र त्या दिवशी पाहिलं.

खरं सांगायचं तर तिला एक गोष्ट मी सांगितली नाही. १९७२ साली उकाईचं धरण पुरं झालं. तेव्हापासून वरची माती बरीचशी तिथेच अडते. आम्ही ज्या वाळूवर बसलो होतो, तिच्यातला मोठा वाटा त्याआधीचा, जुना. माती थांबली. माणसं मात्र थांबली नाहीत. नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत अजून येतात, उधन्याला उतरतात, लिंबायतला खोली घेतात. नदीने जे आणणं कमी केलं, ते काम आता पॅसेंजर गाडी करते.

चारनंतर पाणी परतायला लागलं. आधी एक पांढरी रेघ दिसली, मग खेकड्यांच्या बिळांवर बुडबुडे. पोरगा आपलं सामान दर थोड्या वेळाने मागे घेत होता, आणि दर वेळी खूश होत होता. निघताना पाहिलं, तर दुपारी जेवलो ती जागा पाण्याखाली गेली होती.

घरी येऊन आक्काने लुगड्याचा ओचा झटकला, तर फरशीवर चिमूटभर काळी वाळू पडली. बायको केरसुणी घेऊन आली. आक्का म्हणाली, राहू दे, ही मी परत नेते. आणि तिने ती पुडीत बांधून पिशवीत ठेवली. तेव्हा श्रोतेहो, चिमूटभर का होईना, तुमची माती उद्याच्या गाडीने तुमच्याकडे परत येते आहे.