नऊ ड्रॉबार आणि एक फिरता भोंगा

(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आपल्या वाद्यवृंदासाठी नवा कीबोर्ड घ्यायचा आहे, त्यात ‘तो जुना ऑर्गन’ चांगला वाजला पाहिजे, तर काय बघून घ्यावा ते सांगा, असा निरोप मला आला. आता मराठी माणसाला जुना ऑर्गन म्हटलं की दोन वाद्यं आठवतात. एक संगीत नाटकातलं, पायाने भाता चालवायचं, बालगंधर्वांच्या गाण्यामागे घुमणारं. दुसरं इंग्रजी तबकड्यांवर ऐकलेलं, म्हणजे हॅमंड. तो जॅझमध्ये आहे, रॉकमध्ये आहे, चर्चमध्ये आहे आणि बारमध्येही आहे. कीबोर्डवर ‘विंटेज ऑर्गन’ असं छापलेलं असतं, तेव्हा बहुतेक वेळा हा दुसरा अभिप्रेत असतो. मी मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलेन. नाटकातल्या ऑर्गनकडे नंतर येतो, कारण दोघांची गल्लत करून लोकांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

शिकागोच्या मंडळात हॅमंडबद्दल बोलायचं म्हणजे काशीत जाऊन गंगेची माहिती सांगण्यासारखं आहे. लॉरेन्स हॅमंड १८९५ साली इथल्याच एव्हन्स्टनमध्ये जन्मला. माणूस इंजिनिअर, धंदा घड्याळांचा, आणि स्वतःला वाद्य एकही वाजवता येत नव्हतं. विजेचा प्रवाह या देशात सेकंदाला ६० वेळा हेलकावे घेतो. त्या हेलकाव्यांशी पाऊल जुळवून फिरणारी मोटर त्याने घड्याळात बसवली होती. मंदीच्या काळात घड्याळांचा बाजार बसला, तेव्हा हीच मोटर दुसरं काय फिरवू शकेल याचा शोध सुरू झाला. पत्ते आपोआप पिसून वाटणारं ब्रिजचं टेबलही त्याने काढलं होतं. ते फार दिवस चाललं नाही. ऑर्गन चालला. १९३४ साली पेटंट मिळालं आणि १९३५ साली पहिलं वाद्य बाजारात आलं.

त्या लाकडी पेटीच्या पोटात तळहातावर मावतील अशा ९१ दातेरी चकत्या फिरत असतात. प्रत्येक चकतीसमोर तारेची गुंडाळी घातलेला एक चुंबक असतो. दाता समोरून गेला की गुंडाळीत विजेची एक लाट उठते. मुख्य दांडा सेकंदाला २० फेऱ्या घेतो. मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाची चकती ८८ आणि ६४ दात्यांच्या गिअरमुळे साडेसत्तावीस फेऱ्या घेते. तिच्या कडेवर दाते १६. गुणाकार करा, बरोबर ४४० येतात. सूर मिळवायची गरजच नाही, कारण सूर वीज कंपनी मिळवून देते. यात एक गंमत आहे. इथला जुना हॅमंड कुणी हौसेने पुण्याला नेला आणि व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावला, तरी तिथली वीज ५० हेलकाव्यांचीच राहते. मोटर तेवढी मंदावते आणि पांढरी एक दाबली की जवळपास खालची पांढरी सहा ऐकू येते. तीन पट्ट्या खाली! त्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

प्रत्येक पट्टीखाली नऊ संपर्कतारा असतात आणि वर नऊ ड्रॉबार. एक ड्रॉबार मूळ स्वराचा, एक खालच्या सप्तकाचा, बाकीचे पंचम, वरचा षड्ज, त्याच्या वरचा गंधार अशा अंशस्वरांचे. प्रत्येक ड्रॉबार शून्यापासून आठपर्यंत ओढता येतो. म्हणजे स्वराचा रंग वादक वाजवता वाजवता हाताने कालवत असतो. ड्रॉबारवर १६ फूट, ८ फूट, ४ फूट असे आकडे असतात. ते पाइप ऑर्गनच्या नळ्यांच्या लांबीचे आहेत. हॅमंडच्या आत एकही नळी नाही, पण तो विकायचा होता चर्चना, म्हणून भाषा चर्चची.

थोडक्यात, ज्याची नक्कल करणारे कीबोर्ड आपण आज बघतो आहोत, तो हॅमंड स्वतःच एक नक्कल होता. ती इतकी गाजली की सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातींवर हरकत घेतली. पाइप ऑर्गनचं सगळं यात वाजतं, हा दावा खोटा आहे असं त्यांचं म्हणणं. त्या प्रकरणात शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपलमध्ये चाचणी झाली. तिथला भलामोठा पाइप ऑर्गन आणि हॅमंड आळीपाळीने वाजवायचे, आणि कुठला कुठला ते श्रोत्यांनी न बघता ओळखायचं. जाणकार संगीतकारसुद्धा साधारण तीनांत एकदा चुकले. तरी कमिशनने शेवटी काही दावे मागे घ्यायला लावलेच. तोपर्यंत फुकटची जाहिरात व्हायची ती होऊन गेली होती.

पुढे जे घडलं त्यावर माझं आजचं सगळं बोलणं उभं आहे. पाइप ऑर्गनशी असलेलं साम्य लोक विसरले आणि जिथे नक्कल फसली होती तेच त्यांना आवडू लागलं. पट्टी दाबल्यावर नऊ तारा एकाच क्षणी टेकत नाहीत, पुढेमागे टेकतात. त्यामुळे स्वराच्या सुरुवातीला बारीक ‘टक्’ येतो. हॅमंडच्या लोकांनी तो दाबायचा खूप प्रयत्न केला. जॅझवाल्यांना मात्र तो हवा होता, कारण त्यामुळे लय टोकदार होते. शेजारच्या चकत्यांचा आवाज थोडा झिरपून यायचा. तोही दोषच, पण त्यानेच आवाजाला अंग येतं. आजच्या कीबोर्डवर या दोन्ही दोषांसाठी वेगळी बटणं असतात, किती हवे तेवढे घ्या. जुन्या, झिजलेल्या हॅमंडच्या नकलासुद्धा ‘झीज’ या नावाखाली वेगवेगळ्या दिलेल्या असतात. इंजिनिअरांनी जे काढून टाकायला रात्री जागवल्या, त्यासाठी आता ग्राहक जास्तीचे पैसे मोजतो.

दुसरी गोष्ट डॉन लेस्लीची. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस. दुकानाच्या मोठ्या दालनात हॅमंड त्याला छान वाटला, घरी आणल्यावर कोरडा वाटला. त्याने एका कपाटात वर फिरता भोंगा आणि खाली फिरता ढोल बसवला. भोंगा आपल्याकडे येताना स्वर किंचित चढतो, लांब जाताना उतरतो. आगगाडीच्या शिट्टीचा डॉप्लर परिणाम शाळेत शिकलो होतो, तोच. दिसायला भोंग्याला दोन तोंडं असतात, पण आवाज एकातूनच येतो, दुसरं तोलासाठी. मंद वेग मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांचा, जलद वेग चारशेच्या आसपास. हॅमंडला हे कपाट मुळीच आवडलं नाही. वादकांनी मात्र दोन्ही विकत घेऊन जोडली. आज हॅमंड आणि लेस्ली ही दोन्ही नावं एकाच जपानी कंपनीकडे, सुझुकीकडे आहेत. तिची अमेरिकेतली शाखा आपल्या इथे ॲडिसनमध्ये आहे.

बी-३ हे सर्वांत गाजलेलं मॉडेल १९५४ साली आलं. खालच्या पायपट्ट्या आणि बाक धरून त्याचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं. गावोगाव फिरणाऱ्या बँडवाल्यांनी ते अक्षरशः करवतीने कापून सुटसुटीत केलं. कीबोर्डची गरज तिथूनच निर्माण झाली. आज यामाहाचा वायसी-६१ सुमारे सात किलोचा आहे, खांद्यावर टाकून आणता येतो. स्वीडनचा नॉर्ड इलेक्ट्रो आहे, हॅमंडचा स्वतःचा एसके प्रो आहे, इटलीचे क्रुमार आणि व्हिस्काउंट आहेत. लॅपटॉपवरची सॉफ्टवेअरंही उत्तम आहेत. गणपतीच्या कार्यक्रमात ऐन आरतीच्या वेळी लॅपटॉपला अपडेट आठवतं, म्हणून मंडळासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

दुकानात गेल्यावर आतले किती आवाज आहेत ते मोजू नका. पाचशे आवाज असतील आणि ऑर्गन वाईट असेल, हे सर्रास होतं. आधी हात कुठे जातात ते पाहा. नऊ खरे, सरकणारे ड्रॉबार आहेत का? काही जुन्या कीबोर्डवर ड्रॉबारच्या जागी बटणं आणि दिव्यांच्या रांगा असायच्या. आवाज चांगला असायचा, पण तान चालू असताना डाव्या हाताने दोन ड्रॉबार पुढे ओढण्यातली मजा बटणात नाही. मग पट्टीची कड बघा. हॅमंडच्या पट्टीला पुढे ओठ नसतो, कड सरळ खाली उतरते. त्यामुळे तळहात पट्ट्यांवरून घासत नेता येतो, आणि गॉस्पेलवाले तो नेतातच. पियानोच्या जड पट्ट्यांवर हे करायला गेलात तर हात सोलून निघेल.

आता कानाची परीक्षा. पर्कशन चालू करा, म्हणजे स्वराच्या सुरुवातीला एक टणक टोला येतो. एक पट्टी दाबून धरा आणि दुसरी दाबा. दुसऱ्या स्वरालाही टोला आला तर नक्कल कच्ची आहे. खऱ्या बी-३ मध्ये सगळी बोटं उचलल्याशिवाय टोला पुन्हा येत नाही. म्हणूनच जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथसारख्यांचं बोटकाम इतकं सुटं आणि स्वच्छ. पर्कशन चालू असताना नववा ड्रॉबार गप्प होतो, कारण त्याचीच तार टोल्यासाठी वापरलेली असते. अस्सल नक्कल हेही पाळते. नंतर एक जोडस्वर धरून लेस्ली जलदवरून मंदवर आणा. वरचा भोंगा हलका, तो लवकर मंदावतो. खालचा ढोल जड, तो रेंगाळतो. या दोघांतलं अंतर ऐकू आलं पाहिजे. सगळं एकदमच मंदावलं तर बाकी कितीही चांगलं असलं तरी कान लवकर कंटाळतो. लेस्ली कच्चा पण बाकी ऑर्गन पक्का असेल, तर वेगळं लेस्ली पेडल जोडता येतं.

वाजवायला बसल्यावर पियानो शिकलेल्या मुलांची आधी पंचाईत होते. जोरात मारलं काय, हळू मारलं काय, आवाज तेवढाच. सस्टेन पेडल पायाखाली शोधून उपयोग नाही, स्वर जोडायचे ते बोटांनीच, एका पट्टीवर बोट बदलून. लहानमोठेपणा सगळा उजव्या पायाखालच्या एक्सप्रेशन पेडलमध्ये. इथे आपल्या पेटीवाल्यांना मात्र फायदा आहे. भाता कसा ओढायचा, ओळीच्या शेवटी हवा कशी सोडायची, गायकाचा आवाज उठला की आपण मागे कसं राहायचं, हे डाव्या हाताला पाठ असतं. ते पायात उतरवायचं, एवढंच. पेटी वाजवणाऱ्याला ऑर्गन शिकवणं पियानोवाल्यापेक्षा सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. जॅझसाठी पहिले तीन ड्रॉबार पूर्ण ओढा, बाकी सहा आत ठेवा, तिसऱ्या अंशस्वराचं पर्कशन आणि सी-३ कोरस लावा. जिमी स्मिथचा हाच ठेवणीतला रंग. तिथून पुढे प्रत्येकाने आपापलं शोधावं.

राहिला नाटकातला ऑर्गन. त्यात चकत्या नाहीत, पितळी जिभा आहेत, पेटीसारख्याच, फक्त पायाचा भाता हवा आत ओढतो. जिभेच्या आवाजात वरचे अंशस्वर भरपूर असतात, त्यातून तो खरखरीत, नाकातला गोडवा येतो. हॅमंडचे ड्रॉबार आठव्या अंशस्वरावर संपतात आणि सातवा त्यांत नाहीच. म्हणून नाट्यपदामागे हॅमंड लावून कितीही खटपट केली तरी आवाज गुळगुळीत होतो आणि लेस्ली फिरत असेल तर पद थेट चर्चमध्ये जाऊन पोचतं. ज्यांना नाट्यसंगीत करायचं आहे त्यांनी कीबोर्डमध्ये रीड ऑर्गनचा किंवा पेटीचा चांगला नमुना आहे का ते वेगळं तपासावं. तो बहुतेक ‘वर्ल्ड’ किंवा ‘ॲकॉर्डियन’ अशा भलत्याच कप्प्यात लपलेला असतो. तो वाजवताना लेस्ली आणि कोरस बंद, आणि कुठलीही भपकेदार रिव्हर्ब नको. गायिकेची पट्टी काळी चार असो की पांढरी पाच, ट्रान्सपोज बटण आहे, पण शक्यतो बोटांनीच ती पट्टी वाजवा. मैफलीत बटण एकदा चुकलं की तबलजीसुद्धा माफ करत नाही.

पैशांचं म्हणाल, तर मंडळाला नव्याची गरज नाही. आठ-दहा वर्षं जुना चांगला कीबोर्ड ऑर्गनसाठी पुरतो, कारण या नकला बऱ्याच आधी पक्क्या झाल्या आहेत. जुना घेताना प्रत्येक ड्रॉबार हळूहळू पूर्ण ओढून बघा. आवाज मधेच उडी मारत असेल तर आत धूळ बसली आहे. प्रत्येक पट्टी एकेकदा वाजवा. दोन्ही बाजूंची आउटपुट जोडून ऐका, कारण लेस्लीचं फिरणं एकाच स्पीकरवर अर्धं मरतं आणि आपल्या सभागृहात मिक्सरवर नेहमी एकच तार जोडलेली असते. आणि एक्सप्रेशन पेडल वेगळं मागवा. ते कीबोर्डच्या खोक्यात सहसा येत नाही, आणि सगळ्या कंपन्यांची पेडलं एकमेकांना चालत नाहीत.