तबकडी सोडा, सावली बघा

तारीख ११ मे १९५०. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात मॅकमिनव्हिलजवळ पॉल ट्रेंट या शेतकऱ्याने उडत्या तबकडीचे दोन फोटो काढले. पुढे ते ‘लाइफ’ मासिकात छापून आले. खरे की खोटे, हा वाद आजही चालूच आहे.

वेळ संध्याकाळची, असं ट्रेंट सांगत. रॉबर्ट शेफर यांनी तबकडी सोडून गॅरेजच्या भिंतीवरच्या सावल्या पाहिल्या. ऊन तर सकाळचं! ब्रूस मॅकाबी म्हणाले, ढगावरून परतलेल्या उजेडानेही तशा सावल्या पडतील. मला शेफर जास्त पटतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतून वेळ-ठिकाणाची नोंद गळालेली असते, सावली मात्र राहते. मोहल्ल्याच्या ग्रुपवर ‘आत्ताची दगडफेक’ म्हणून फोटो आला, तर फॉरवर्ड करण्याआधी भिंत कुठल्या दिशेची आणि ऊन कुठून, एवढं तपासा.