न दुखणारी कावीळ
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंगल प्रसंगी कर्करोगाचा विषय काढणे काहींना रुचणार नाही. परंतु आप्तस्वकीयांपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना जे वेळीच कळावयास हवे, ते सांगणे आम्ही शस्त्रवैद्य आमचे कर्तव्य समजतो.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पसरलेली ग्रंथी. तिच्या शीर्षभागातून पित्तनलिका जाते. तेथे गाठ वाढली की पित्त अडते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, मळ पांढुरका पडतो, अंगाला खाज सुटते; पोट मात्र पुष्कळदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरचेही निर्धास्त राहतात. कोणी काविळीची माळ घालते, कोणी झाडपाला देते. तेवढ्या अवधीत गाठ शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढू लागली, तर शस्त्रक्रियेची वाट बंद होऊ शकते. निदान होते तेव्हा शंभरांतील जेमतेम पंधरा-वीस रुग्णच शस्त्रक्रियेस योग्य असतात.

ही शस्त्रक्रिया जर्मनीत वाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये केली. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये तिची पद्धत मांडली, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. स्वादुपिंडाचे शीर्ष, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढावा लागतो. मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्यास जोडावयाचे. खरी कसोटी स्वादुपिंडाच्या जोडाची. तो गळला तर पाचकरस भोवतालच्या अवयवांनाच इजा करतो.

एके काळी या शस्त्रक्रियेत चारांपैकी एक रुग्ण दगावत असे. आज जेथे ती वारंवार होते, तेथे हे प्रमाण शेकडा पाचाच्या खाली आले आहे. म्हणून 'आपल्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात?' असे विचारण्यात संकोच नसावा. शस्त्रक्रियेनंतरही रोग उलटू शकतो. त्यासाठी पुढील औषधोपचार पूर्ण करावे लागतात. शस्त्रक्रिया शक्य नसली, तरी पित्तनलिकेत नळी बसवून कावीळ व खाज कमी करता येते, वेदना शमविता येतात. आम्ही रुग्णास कधीच 'आता काही उरले नाही' असे म्हणत नाही.

परमुलुखात मंडळ हेच आपले गणगोत. तेव्हा शेजारच्या काकांचे डोळे पिवळे दिसले, तर माळ शोधू नका. त्याच आठवड्यात त्यांना सोनोग्राफीस घेऊन जा. एवढीच आमची विनंती.