शंभर यार्डांची जबाबदारी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण मला व्यसनमुक्ती या विषयावर बोलण्यासाठी पाचारण केले, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा आभारी आहे. हा विषय आपल्या व्यासपीठांना नवा नाही. तंबाखूचे दुष्परिणाम सांगणारी व्याख्याने आपण अनेकदा ऐकली आहेत आणि अनेकांनी व्यसनत्यागाचे संकल्पही केले आहेत. भारतात दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे तंबाखूमुळे मृत्युमुखी पडतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा तंबाखू वाईट आहे, हे सिद्ध करण्यात मी आपला वेळ घेणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. माणसाने स्वतःपुरता संयम पाळला, तरी शाळेच्या दारातील टपरी, एसटी स्थानकावरील धूर आणि अल्पवयीन मुलाच्या हाती सहज पडणारी पुडी यांचे उत्तरदायित्व कोणाचे? कायदा त्याचे उत्तर देतो. परंतु तो प्रत्यक्षात उतरतो, तो आपल्या नगरपालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि आपल्यासारख्या संस्थांच्या उंबरठ्यावर. आजचे माझे सारे प्रतिपादन या एका गोष्टीभोवती आहे.

कायद्याची वाटचाल

पोर्तुगीजांच्या जहाजांतून तंबाखू या देशात आली आणि थोड्याच काळात ती राजदरबारापासून झोपडीपर्यंत पोहोचली. १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखूसेवनास मनाई करणारे फर्मान काढले. फर्मान इतिहासात नोंदले गेले आणि तंबाखू मात्र पसरतच राहिली. दूरच्या आज्ञेमागे गावातील माणसे उभी राहिली नाहीत, तर ती आज्ञा कागदावरच राहते, याचे हे जुने उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ११६ ने सरकारी व सार्वजनिक संस्थांच्या इमारतींत सूचनाफलकाचे उल्लंघन करून धूम्रपान करणे किंवा थुंकणे हा अपराध ठरविला. पुढे दिल्लीने १९९६ मध्ये आणि शेजारच्या गोव्याने १९९७ मध्ये स्वतंत्र अधिनियम केले. गोव्याच्या कायद्यात धूम्रपानाबरोबर थुंकण्याचाही समावेश आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान अवैध ठरविले. त्यानंतर मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये, सभागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास मनाई करण्याचे निर्देश दिले. “माझे शरीर, माझी इच्छा” असा युक्तिवाद नेहमी केला जातो. न्यायालयाची दृष्टी अशी की, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेला जीविताचा हक्क न ओढणाऱ्या माणसालाही आहे. एकाच्या इच्छेचा धूर दुसऱ्याच्या छातीत शिरतो, तेव्हा तो विषय खासगी राहत नाही.

या पार्श्वभूमीवर २००३ मध्ये संसदेने सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम संमत केला. त्यातील दोन कलमे आपण ध्यानात ठेवावीत. कलम ४ सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास बंदी करते. कलम ६ अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत ते विकण्यास बंदी करते. २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधी जयंतीच्या दिवसापासून, धूम्रपानबंदीचे सुधारित नियम अमलात आले. त्यांनी कामाची ठिकाणे, उपाहारगृहे आणि समारंभाची सभागृहे यांचाही समावेश केला. मूळ कायद्यात उघडी जागा वगळली होती. नियमांनी स्पष्ट केले की, बसस्थानक, रेल्वेस्थानक व क्रीडांगणाचे प्रेक्षागार यांना ती सवलत नाही.

महाराष्ट्राचे चित्र

आता आपल्या राज्याकडे वळू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत ओढणारे केवळ ३.८ टक्के आणि चघळणारे किंवा अन्य धूररहित प्रकारे सेवन करणारे २४.४ टक्के होते. काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज थोडी जास्त भरते. या आकड्यांचा अर्थ असा की, आपल्याकडील व्यसनाचा फार मोठा भाग धूर सोडतच नाही. खैनी, मावा, सुगंधी तंबाखू, मशेरी यांवर धूम्रपानबंदीचा फलक काहीही परिणाम करू शकत नाही. म्हणून महाराष्ट्रात ओढणाऱ्याला अडविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व विक्रीच्या नियमनाला आहे.

गुटख्याचा अनुभव येथे बोधप्रद आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण ज्या अन्नभेसळ कायद्याचा आधार घेतला होता, त्याने राज्याच्या अधिकाऱ्यास असा अधिकार दिलेलाच नव्हता. पुढे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आला. त्याखालील २०११ च्या विनियमांनी कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालण्यास मनाई केली. या भक्कम आधारावर जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी केली आणि त्यानंतर ती वर्षावर्षाने वाढविण्यात आली. लगेच बाजाराने पळवाट काढली. पानमसाल्याची एक पुडी आणि सुगंधी तंबाखूची दुसरी पुडी ग्राहकाच्या हाती पडू लागली आणि तो त्या दोन्ही तोंडात एकत्र करू लागला. २०१३ मध्ये सुगंधी तंबाखूही बंदीच्या कक्षेत आणावी लागली. यातून दोन गोष्टी शिकायच्या. सद्हेतूला योग्य कायद्याचा आधार लागतो, आणि आधार मिळाल्यावरही दुकानावर लक्ष ठेवणारा स्थानिक डोळा लागतो.

दंड आणि परवाना

शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. हे अंतर शाळेच्या फाटकापासून मोजायचे नसून कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सर्व दिशांना मोजायचे आहे. आपल्या जुन्या गावठाणात एका गल्लीत प्राथमिक शाळा, पुढच्या गल्लीत कन्याशाळा आणि पलीकडे महाविद्यालय असते. ही वर्तुळे नकाशावर काढली, तर बाजारपेठेचा बराच भाग त्यांत येतो. २०१९ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी या मर्यादेवर पिवळी रेषा आखावी, असे सुचविले. रेषा आखण्यास एक डबा रंग पुरतो. ती आखलेली असली, की “मला ठाऊक नव्हते” असे कोणी म्हणू शकत नाही.

मात्र रेषा ओलांडणाऱ्यास होणारा दंड जास्तीत जास्त २०० रुपये आहे. दिवसाकाठी चांगली विक्री करणाऱ्याला तो खर्चात धरता येतो. अल्पवयीनास तंबाखू देणाऱ्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे एकीकडे किरकोळ दंड आणि दुसरीकडे अतिकठोर शिक्षा, अशी स्थिती आहे. मधली पायरी स्थानिक संस्थेच्या हाती असू शकते. ती पायरी म्हणजे परवाना.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्राने सुचविले की, तंबाखू विकणाऱ्या दुकानास स्थानिक संस्थेची अनुमती आवश्यक करावी आणि अशा दुकानात गोळ्या, बिस्किटे, चिप्स, शीतपेये असे मुलांना आकर्षित करणारे पदार्थ ठेवू देऊ नयेत. या सूचनेतील मर्म फार व्यवहारी आहे. मूल चॉकलेटसाठी टपरीवर जाते आणि तेथे टांगलेल्या पुड्यांशी त्याची ओळख होते. हिमाचल प्रदेशाने २०१६ मध्येच किरकोळ विक्रीच्या नियमनाचा कायदा केला होता. लखनौ महानगरपालिकेने २०२१ मध्ये परवान्याची पद्धत स्वीकारली. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये अमलात आणलेल्या दुरुस्तीने खरेदीचे किमान वय २१ केले आणि दंड १००० रुपयांपर्यंत वाढविला. महाराष्ट्रानेही सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट व विडीच्या विक्रीवर बंदी घातली. सुटी सिगारेट मुलाच्या खाऊच्या पैशांत बसते आणि वेष्टनावरील इशाऱ्याचे चित्र तिच्यासोबत येत नाही, हे त्यामागचे कारण सहज समजण्यासारखे आहे.

दोनशे रुपयांना न भिणारा दुकानदार परवाना जाण्यास भितो. नगरपालिकांना शासनाच्या मंजुरीने उपविधी करता येतात. आपल्या नगरसेवकांकडे गटार आणि पथदिव्यांबरोबर हा विषयही आग्रहाने नेला पाहिजे. ग्रामीण भागासाठी गडचिरोलीचे उदाहरण आहे. तेथे २०१६ पासून शासन, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाव्यापी कार्यक्रम सुरू झाला. त्याचा पाया गावोगावच्या समित्या आणि ग्रामसभांचे निर्णय हा आहे.

टपरीवाल्याचे पोट

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळणे योग्य नाही. पानटपरी चालविणारा बहुधा गरीब असतो. तंबाखू पिकविणारा, त्याची वखार बाळगणारा आणि घाऊक व्यापार करणारा सुस्थितीत राहतो आणि कारवाईची काठी मात्र टपरीवर पडते. या तक्रारीत तथ्य आहे. म्हणून नियमन न्याय्य असले पाहिजे. १०० यार्डांचा नियम दुकान बंद करा असे म्हणत नाही. तो तेथील तंबाखूविक्री बंद करा, एवढेच म्हणतो. त्याच जागेवर वह्या, फळे, चहा, दूध विकता येते. जागा बदलणे अटळ असेल, तर पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीपुढे त्याचे म्हणणे मांडले जावे. आणि व्यापारी असलेल्या आपल्या समाजाने त्याला नवा माल भरण्यासाठी काही दिवसांची उधारी दिली, तर ते शंभर भाषणांहून मोलाचे ठरेल. माल उधार देणे आपल्याला नवे नाही.

आपली वास्तू, आपला गाळा

आता मी आपल्या दाराशी येतो. आपल्या समाजाच्या संस्थांकडे शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, धर्मशाळा, भोजनालये आणि मंगल कार्यालये आहेत. २००८ च्या नियमांनुसार अशा सार्वजनिक वास्तूत कोणी धूम्रपान करणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी व्यक्तीची आहे. प्रवेशद्वारी ६० × ३० सेंटिमीटरचा फलक हवा. तक्रार कोणाकडे करावी, त्याचे नाव त्यावर हवे. रक्षापात्रे किंवा काडेपेट्या पुरविता कामा नयेत. व्यवस्थापनाने कानाडोळा केला, तर जितके अपराध घडले तितक्यांचा दंड त्याच्यावर येऊ शकतो. लग्नसमारंभात पाहुण्याला कसे टोकावे, असा संकोच आपल्याला वाटतो. फलक तो संकोच दूर करतो, कारण मग टोकणारा माणूस नसतो, नियम असतो. शाळेच्या मुख्याध्यापकांना तर या नियमांनी दंड आकारण्याचा अधिकारही दिला आहे.

त्याहून अवघड प्रश्न गाळ्यांचा आहे. संस्थांच्या इमारतींतील गाळे भाड्याने दिलेले असतात आणि त्यांच्या उत्पन्नावर संस्थेची कामे चालतात. त्यांतील एखाद्या गाळ्यात तंबाखू विकली जात असेल आणि वरच्या मजल्यावर आपलीच मुले शिकत असतील, तर त्या भाड्याची पावती फाडताना आपला हात थबकला पाहिजे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात तंबाखूला कोणी स्पर्श करीत नाही. परंतु काही घरांचे दुकान, गोदाम किंवा वितरण या मालाशी जोडलेले आहे, हेही वास्तव आहे. स्वतः न खाणे हा संयम झाला. दुसऱ्याच्या मुलाला न विकणे ही त्याची पुढची पायरी आहे. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. नगरपालिकेला जाब विचारायला जाणाऱ्या शिष्टमंडळाचे स्वतःचे गाळे आधी स्वच्छ असावेत, एवढाच माझा आग्रह आहे.

समारोपादाखल विश्वस्त मंडळापुढे मी चार विनंत्या ठेवतो. संस्थेच्या प्रत्येक वास्तूवर या महोत्सवी वर्षातच नियमानुसार फलक लागावेत. शाळेभोवतीची पिवळी रेषा मुख्याध्यापक, पालक आणि नगरपालिकेचे आरोग्य खाते यांनी एकत्र उभे राहून आखावी. गाळ्यांच्या भाडेकरारात नूतनीकरणाच्या वेळी तंबाखूविक्री न करण्याची अट घालावी आणि विद्यमान भाडेकरूस व्यवसाय बदलण्यासाठी पुरेशी मुदत व साहाय्य द्यावे. आणि विक्री परवान्याच्या उपविधीसाठी सर्व समाजांच्या संस्थांना बरोबर घेऊन नगरपालिकेस निवेदन द्यावे. हा प्रश्न एका समाजाचा नाही, सगळ्या गावाच्या मुलांचा आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था उभारली, त्यांनी विटा मोजल्या आणि पै-पै जमविली. आपल्याला फक्त शंभर यार्ड मोजायचे आहेत. तेवढे आपण मोजू आणि राखू, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.