लोहाची सुई : भीती आणि सावधगिरी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)

काशीदहून जवळच, अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजतात. आता चुंबकत्व औषधांतही आले आहे. लोखंडाच्या गंजाच्या जातीचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण शर्करेच्या वेष्टनात घालून केलेले ‘फेरुमॉक्सिटॉल’ अमेरिकेत २००९ साली मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या रक्तक्षयावर मंजूर झाले. पण शिरेतून देताच काहींना जीवघेणे वावडे आले. २०१५ साली कडक इशारा निघाला : सलाइनमधून सावकाश द्यावे, नंतर अर्धा तास तरी रोग्यावर लक्ष ठेवावे.

माझेही रक्त कमी भरले, तेव्हा मी भिऊन दवाखाना टाळला. ती माझी चूक. भिऊ नका, पण लोहाची सुई घरी टोचून घेऊ नका, आणि पूर्वीचे वावडे डॉक्टरांना आधी सांगा.